पडद्यावर राम, पडद्यामागे रसायन: दादासाहेब फाळके यांची गोष्ट

1917 साली मुंबईत 'लंकादहन' लागला, तेव्हा पडद्यावर रामाची आकृती आली की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवत आणि हात जोडत, असं त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. भोवती अंधार, मागे यंत्राची खरखर आणि समोर पांढऱ्या कापडावर उजेडाचा खेळ. तरी लोकांच्या दृष्टीने ते देवदर्शन होतं.

हा राम म्हणजे अण्णा साळुंके. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करत होते. गंमत अशी, की त्याच चित्रपटातली सीताही तेच होते. हे सगळं जुळवून आणणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी त्याच सुमारास आणखी एक छोटा चित्रपट तयार केला. त्याचं नाव होतं 'चित्रपट कसे तयार करतात'. त्यात फाळके स्वतः दिसतात. नटांना सूचना देताना, फिल्म हाताळताना, तुकडे जोडताना.

म्हणजे एकीकडे लोकांना हात जोडायला लावणारा चमत्कार, आणि दुसरीकडे तो चमत्कार कसा घडवला जातो याची उघड माहिती. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच काळात. फाळक्यांना 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' म्हणून सगळे ओळखतात. पण त्यांच्या आयुष्यातला हा पेच, देव आणि यंत्र यांना एकाच चौकटीत बसवण्याचा, सहसा बाजूलाच राहतो.

शास्त्र्यांचा मुलगा, रसायनांच्या खोलीत

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरचा. ज्योतिर्लिंगाचं गाव, गोदावरीचं उगमस्थान. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पूजापाठ, पुराणं, स्तोत्रं. मुलाने वडिलांसारखं शास्त्री व्हावं, ही रीतच होती. पण वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांचं कॉलेज, आणि तिथे संस्कृत शिकवणारे त्र्यंबकचे शास्त्री! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मुंबईत अशा जोड्या नवलाच्या नव्हत्या.

धुंडिराजला ओढ चित्रकलेची. 1885 मध्ये त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. नंतर थोरल्या भावाबरोबर तो बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात दाखल झाला. हे कलाभवन सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1890 मध्ये सुरू झालेलं. चालवणारे होते त्रिभुवनदास गज्जर, आणि गज्जर चित्रकार नव्हते, रसायनतज्ज्ञ होते. फाळक्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा इथे ठरली, असं म्हणायला हरकत नाही. कारण इथे कला शिकायची म्हणजे रंग, कुंचला आणि सोबत कॅमेरा, काच, चांदीचे क्षार, अंधारी खोली असं सगळंच शिकायचं. तीन रंगांचे ब्लॉक तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवण्यात आलं.

याच काळात त्यांनी एक आदर्श नाट्यगृह कसं असावं, याची प्रतिकृती तयार केली. अहमदाबादच्या 1892 च्या औद्योगिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाला पदक, हे फाळक्यांच्या स्वभावाला साजेसंच होतं. रंगभूमी त्यांना पहिल्यापासून एखाद्या यंत्रासारखी दिसत असावी.

फोटोने आयुष्य कमी होतं

शिक्षण संपवून फाळक्यांनी गोध्रा इथे फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेग आला आणि त्यात त्यांची पत्नी व मूल दगावलं. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले, पुन्हा फोटोग्राफी सुरू केली. पण गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत लोकांत पसरली होती. कॅमेऱ्यात काच आणि रसायनांपलीकडे काही नसतं, हे फाळक्यांना पुरतं ठाऊक होतं, पण धंदा काही चालला नाही.

मग ते नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवू लागले. राजवाडा, जंगल, नदीकाठ. नाटकं जवळून पाहता आली, लहानसहान कामंही करता आली. बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. पुढे जाहीर प्रयोगही करू लागले. त्यासाठी त्यांनी आपलं आडनाव उलटं केलं आणि ते झाले 'प्रोफेसर केळफा'.

आपली भीती घालवण्यासाठी लोक फाळक्यांकडे आले नाहीत. पण चकित होण्यासाठी मात्र प्रोफेसर केळफाकडे आले. जादूगार प्रेक्षकांना फसवतो, पण आपण फसवले जाणार आहोत हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. त्यासाठीच तो पैसे मोजतो. चित्रपट काढायला लागल्यावर फाळक्यांनी हा धडा पुरेपूर वापरला.

1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सासरी सरस्वती ठेवलं गेलं. 1903 मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून सरकारी नोकरी मिळाली. इथे कॅमेऱ्याचं काम नेमकं उलट होतं. जादूच्या खेळात डोळ्यांना फसवायचं, तर पुरातत्त्व खात्यात डोळ्यांनी पाहिलेल्याचा पुरावा तयार करायचा. फोटोत आहे म्हणजे ते खरंच तिथे आहे. कॅमेऱ्याची ही साक्षीदाराची पत लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचीच परीक्षा होणार होती.

छापखान्यातले देव

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं सुटलं. फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा उद्योग सुरू केला. त्यांच्याकडे येणारं महत्त्वाचं काम होतं रविवर्मा प्रेसचं.

राजा रविवर्मा यांनी तैलरंगात रंगवलेले देव-देवी दगडी छपाईच्या यंत्रावर हजारोंच्या संख्येने छापले जात होते. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण. ही रंगीत चित्रं खेड्यापाड्यांतल्या घरांच्या भिंतींवर गेली, देवघरांत गेली. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही घरात देव कागदावरून आला. या कागदाला लोक कुंकू लावत, हार घालत. यंत्रातून निघालेला देव खरा की खोटा, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

त्या चित्रातल्या लक्ष्मीच्या साडीचा लाल रंग कोणत्या ठशातून येतो, हे फाळक्यांना माहीत होतं. देवाची मूर्ती घडवणाऱ्या पाथरवटाला जे माहीत असतं, तेच. फरक एवढाच, की पाथरवटाच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करायला पुरोहित यायचा. छापील चित्राच्या बाबतीत ते काम भाविकाने स्वतःच करून टाकलं.

पुढे छापखाना दादरला आला. 1909 मध्ये फाळके यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढला, मग भागीदारांशी पटेना. एक दिवस ते सगळं सोडून बाहेर पडले. वय चाळिशीचं, हातात काही नाही.

ख्रिस्ताच्या जागी कृष्ण

अशा रिकाम्या दिवसांत, 1910-11 च्या सुमारास, त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चमत्कार चालले होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती. पुढे 1917-18 मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात आपली हकीकत लिहिली, त्यात या अनुभवाचं सविस्तर वर्णन आहे. पुन्हा पाहायला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले.

एका धर्माच्या देवपुत्राला पाहून दुसऱ्या धर्माचे देव आठवावेत, यात वरवर पाहता नुसती भक्ती दिसते. पण फाळके काही फक्त भाविक म्हणून बसले नव्हते. ही हलती चित्रं कशी होतात, याचा छडा लावायला त्यांनी लगेच सुरुवात केली. दिवसा वाचन, रात्री चित्रपट, झोप जेमतेम. डोळ्यांवर एवढा ताण आला, की काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओपर्यंत पोहोचवलं. काम पाहून, शिकून, विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदवून फाळके एप्रिलमध्ये परतले.

पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी आधी जे चित्रित केलं, त्यात देवाचा संबंध नव्हता. एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. समोर कॅमेरा पक्का बसवला. रोज थोडं थोडं टिपत राहायचं, असं महिनाभर. ही फिल्म चालवल्यावर जेमतेम मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला. नाव ठेवलं 'अंकुराची वाढ'. ही पूर्ण विज्ञानाची गोष्ट, वनस्पतिशास्त्राच्या तासाला दाखवावी अशी. पण पाहणाऱ्यांना ती जादू वाटली आणि पैसे उभे राहिले. महिनाभराचा काळ मिनिटात आटवणारं यंत्र हाती आल्यावर पुराणातले चमत्कार किती दूर राहणार?

हरिश्चंद्राची फॅक्टरी

'राजा हरिश्चंद्र' कसा झाला, याच्या कथा मराठी वाचकाला बऱ्याच माहीत आहेत. परेश मोकाशी यांच्या 2009 च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने तर त्या घराघरांत नेल्या. सिनेमाला काम या नावानेच लोक नाकं मुरडत, म्हणून नटांनी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायचं, हा तोडगा फाळक्यांचाच. बायका मिळाल्या नाहीत, अगदी वेश्यावस्तीतूनही नाही. म्हणून 10 रुपयांची नोकरी करणाऱ्या साळुंकेंना 15 रुपये देऊन तारामती केलं. राजा झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. स्त्री भूमिका करणारे पुरुष मिशा काढायला तयार नव्हते. वडील जिवंत असताना मिशा काढणं अशुभ. रंगभूमीवर लांबून काय ते खपून जाईल, पण कॅमेऱ्याचं भिंग मिशी लपू देत नाही. शेवटी मिशा गेल्या.

सरस्वतीबाईंचा उल्लेख इथे ओझरता करून चालणार नाही. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. शिवाय कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रात्री फिल्म धुणं, चित्रीकरणात उन्हाचा उजेड वळवायला पांढरी चादर धरून उभं राहणं. दादरच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि रसायनांची खोली यांच्यात फार अंतर नव्हतं, आणि दोन्हीकडे एकच बाई राबत होती.

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये चित्रपट लागला. त्याची लांबी 3,700 फूट. मुंबईत तो चालला, पण सुरतेला पहिल्या दिवशी जमा झाले फक्त 3 रुपये. तिथे लोक तेवढ्याच पैशांत तासन् तास नाटक पाहत, मग दीड तासासाठी कोण येणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. जाहिरातीत ना पुण्य, ना हरिश्चंद्राचं सत्त्व. नुसता हिशेब! फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी मावतात, त्यामुळे छायाचित्रांचा आकडा बराचसा बरोबर येतो. दोन मैल मात्र थाप होती, सगळी फिल्म उलगडली तरी पाऊण मैलसुद्धा भरत नाही. सत्यवचनी राजाच्या चित्रपटाची जाहिरात थोडी थाप मारून व्हावी, याचं फाळक्यांना स्वतःलाही हसू आलं असेल.

सोंग आणि साक्ष

आता मूळ प्रश्न. देवांची सोंगं मराठी माणसाला नवी होती का? मुळीच नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून देव-दानव रंगभूमीवर नाचत होते. नाटकाच्या सुरुवातीला सोंडेचा गणपती येई, सरस्वती येई. तो गणपती म्हणजे ओळखीतला कुणीतरी नट आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. तरी नमस्कार व्हायचा. हे सोंग आहे हे माहीत असणं आणि हात जोडणं, या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या मनात भांडत नसत.

पण कॅमेऱ्याने यात एक नवी अडचण आणली. नाटकातला गणपती काही पुरावा नव्हता. फोटो मात्र पुरावा मानला जात होता, आणि फाळक्यांनी सरकारी नोकरीत तेच काम केलं होतं. आता त्याच यंत्रातून हनुमान आकाशात उडताना दिसू लागला. जे यंत्र खोटं बोलत नाही असं सगळे धरून चालत होते, ते पुराणाच्या बाजूने साक्ष देऊ लागलं. विज्ञानाने श्रद्धेला धक्का बसेल असं सुशिक्षितांना वाटत होतं, तेव्हाच विज्ञानाचं ताजं यंत्र श्रद्धेला डोळ्यांदेखतचा आधार देत होतं.

ही साक्ष कशी रचली जायची? तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. मधेच हात थांबवायचा, नटांनी जागच्या जागी स्तब्ध राहायचं, एकाने बाजूला व्हायचं किंवा दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, आणि पुन्हा हात फिरवायचा. पडद्यावर माणूस क्षणात गायब किंवा त्याचा दुसराच कुणी झालेला. काळ्या पार्श्वभूमीवर नटाचं चित्र घ्यायचं, फिल्म उलटी गुंडाळून तीच पुन्हा वापरायची आणि दुसरं दृश्य टिपायचं, की दोन्ही एकावर एक बसतात. भिंगाचं तोंड हळूहळू बंद केलं की चित्र विरत जातं, फिल्म मागे घेऊन दुसऱ्या चित्रावर हळूहळू उघडलं की एकातून दुसरं उगवतं. मोजणी मात्र अचूक हवी. एक फेरा चुकला की देवाचा विचका.

फाळक्यांना ही साक्ष खोटी आहे हे माहीत होतं, आणि त्यांनी ते लपवून ठेवलं नाही. 'चित्रपट कसे तयार करतात' काढला. प्रोफेसर केळफाला पडद्यावर आणून जादूचा छोटा चित्रपटही केला. मग हेच सांगणाऱ्या माणसाने पुढची वीस वर्षं पुराणकथाच का केल्या? एक कारण साधं होतं. मूकपटाच्या काळात भाषा आड येत नव्हती, आणि रामायण-महाभारत मुंबईपासून मद्रासपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. दुसरं कारण स्वदेशीचं. परक्यांच्या यंत्रावर आपली चित्रं दिसावीत, हा त्यांचा ध्यास होता. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. देव दाखवण्यात त्यांना मनापासून आनंद होता, हे त्यांच्या चित्रपटांत दिसतं. शास्त्र्यांचा मुलगा आणि गज्जरांचा विद्यार्थी, दोघांपैकी एकालाही त्यांनी घराबाहेर काढलं नाही.

1919 च्या 'कालियामर्दन'मध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. बाळकृष्णाचं काम फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केलं. आजचा कुणी दिग्दर्शक प्रेक्षकांना थेट गोकुळात नेईल. फाळके तसं करत नाहीत. सुरुवातीलाच ते सांगतात, की एका लहान मुलीच्या चेहऱ्यावरचे हावभाव आता पाहा. मग मंदाकिनी दिसते, साधी मुलगी म्हणून. ती हसते, रुसते, रागावते. प्रेक्षकांनी तिला नीट पाहून घेतल्यावर चित्र विरतं आणि तिच्याच जागी मोरपीस लावलेला कृष्ण उगवतो. ही माझी मुलगी आहे, हे आधी पाहा, आता हा कृष्ण पाहा. यानंतर तो कालियाच्या फणीवर नाचतो. आणि लोकांनी त्याला कृष्ण म्हणूनच पाहिलं.

कंपनी, काशी आणि आवाज

1918 मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला 'हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स' कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्ण जन्म'ला तुफान गर्दी झाली. पण छापखान्यात झालं तेच इथे झालं, भागीदारांशी खटके उडाले. फाळके सगळं सोडून सहकुटुंब काशीला गेले. निवृत्त होऊन गंगाकाठी राहायचं म्हणून. तिथे त्यांनी काय लिहावं? स्तोत्र नव्हे, तर 'रंगभूमी' नावाचं मराठी नाटकवाल्यांची झाडाझडती घेणारं लांबलचक नाटक. ते पुण्यात झालंही, पण फारसं चाललं नाही. थोड्याच काळात ते कंपनीत पगारी दिग्दर्शक म्हणून परतले.

तोवर वारं बदलत होतं. 1925 मध्ये बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. त्यात देव नव्हता, कर्जात बुडालेला शेतकरी होता. 1931 मध्ये 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. ज्यांनी यंत्राच्या जोरावर देवांना पडद्यावर आणलं, त्यांनाच यंत्र मागे टाकून पुढे निघालं होतं. त्यांचा एकमेव खरा बोलपट 'गंगावतरण' 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनने काढला. विषय गंगेचं पृथ्वीवर येणं. तोपर्यंत ट्रिकसीन पाहून दचकणारे प्रेक्षक उरले नव्हते, त्यांना गाणी आणि संवाद हवे होते.

शेवटची वर्षं नाशिकला गेली, ओढगस्तीत. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई होती, चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. फाळक्यांनी तो मागितला, मिळाला नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या बहुतेक चित्रपटांचा आज मागमूस नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि ठेवून दिली तरी आपोआप सडणारी. 1913 चा मूळ 'राजा हरिश्चंद्र'ही हरवला. आज जो पाहायला मिळतो तो बहुतांशी त्यांनी 1917 मध्ये पुन्हा चित्रित केलेला. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे काही रिळं वाचली. त्यांतला सर्वांत जास्त शाबूत राहिलेला चित्रपट म्हणजे 'कालियामर्दन'. त्याच्या सुरुवातीला ती सात वर्षांची मुलगी अजूनही कॅमेऱ्याकडे पाहून तोंडं वेडावते, आणि मग हळूहळू कृष्ण होते.